तालुका न्यायालयात लोकनेत्याचे स्मारक उभारायचे असेल तर

गिरगाव, लालबाग, परळपासून थेट डोंबिवलीपर्यंत पसरलेल्या ग्रामस्थ मंडळांच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचून झाला, की एखादे ज्येष्ठ सभासद उठतात आणि आपल्या तालुक्याच्या कोर्टासमोर अमुक वकीलसाहेबांचा पुतळा व्हायला हवा, असा विषय मांडतात. हे वकीलसाहेब बहुधा त्याच कोर्टात पंचवीस-तीस वर्षे कुळांचे दावे चालवून पुढे आमदार झालेले गृहस्थ असतात. ठराव मंजूर व्हायला दोन मिनिटे पुरतात; तो तडीस जायला मात्र चार-पाच वर्षे लागतात आणि निम्म्या मंडळांचे काम वाटेतच अडते. अशाच एका कामात मी मंडळाचा चिटणीस होतो. त्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. लोक आधी पुतळ्याची उंची ठरवतात, मग जागा शोधतात आणि फलकावर काय लिहायचे याचा विचार अनावरणाच्या आदल्या आठवड्यात करतात. हा क्रम नेमका उलटा हवा. मजकूर आधी, जागा त्यानंतर आणि पुतळा की फलक हा प्रश्न सर्वांत शेवटी.

आधी एक फलक पाहून यावा

मुंबईत राहणाऱ्यांना या कामाचा उत्तम नमुना जवळच उपलब्ध आहे. उच्च न्यायालयाच्या फोर्टमधील इमारतीत मध्यवर्ती दालन आहे, ज्याचा क्रमांक आज ४६ आहे. तिथे जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. नऊ जणांच्या ज्युरीने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने त्यांना दोषी ठरवले आणि २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सुनावली. हेच दावर न्यायमूर्ती होण्यापूर्वी, १८९७ च्या खटल्यात, टिळकांना जामीन मिळवून देणारे वकील होते, हा योगायोग इथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. शिक्षेपूर्वी टिळकांनी जे थोडके उद्गार काढले, त्यांचा आशय असा होता की, ज्युरीने काहीही ठरवले असले तरी आपण निर्दोष आहोत, माणसांचे आणि राष्ट्रांचे भवितव्य याहून वरिष्ठ शक्तींच्या हाती असते आणि आपण मोकळे राहण्यापेक्षा आपल्या क्लेशांनीच आपले कार्य अधिक फळास यावे, अशी कदाचित ईश्वरी इच्छा असेल. टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९५६ मध्ये, तेच उद्गार कोरलेला फलक त्या दालनाबाहेर बसवण्यात आला आणि त्याचे अनावरण तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी केले.

या फलकाकडे मंडळाच्या दृष्टीने पाहावे. तिथे पुतळा नाही, कारंजे नाही, पदव्यांची माळ नाही, उद्घाटकाच्या नावाचा पसारा नाही. ज्या जागी घटना घडली त्याच जागी, त्या माणसाचेच शब्द आहेत, आणि ज्या न्यायसंस्थेने त्याला शिक्षा केली तिच्याच प्रमुखाने ते शब्द भिंतीवर लावले आहेत. टिळकांचा उभा पुतळा गिरगाव चौपाटीवर, १ ऑगस्ट १९२० रोजी जिथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले त्या परिसरात आहे आणि तोही योग्य ठिकाणी आहे. परंतु त्याच्याजवळून रोज जाणाऱ्यांपैकी किती जण थांबून काही वाचतात, हे एखाद्या संध्याकाळी तिथे उभे राहून मोजावे. त्यानंतर महापालिकेच्या मुख्यालयासमोरचे फिरोजशहा मेहता आणि हुतात्मा चौकाजवळचे आसनस्थ दादाभाई नौरोजी हे दोन पुतळे नीट पाहावेत. फिरोजशहांनी ज्या महापालिकेत आयुष्य घालवले तिच्याच दारात ते उभे आहेत, त्यामुळे पुतळ्याला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. चौथरा किती उंच आहे, अक्षरे किती अंतरावरून वाचता येतात, पावसाचे पाणी कुठून ओघळले आहे, पक्षी नेमके कुठे बसतात, या सगळ्याची वहीत नोंद करावी. या एका दिवसाच्या फेरफटक्याने पुढे शिल्पकाराशी बोलताना मंडळाचे सभासद अडाणी ठरत नाहीत.

मजकूर: वहीपासून विधानभवनापर्यंत

नेत्याविषयी गावात जे सांगितले जाते ते आधी लिहून काढावे आणि मग त्यातील प्रत्येक वाक्याला कागद शोधावा. घरच्या मंडळींकडील कात्रणे आणि मानपत्रे हा आरंभ झाला, पण मानपत्रातील मजकूर पुरावा मानू नये, कारण मानपत्र लिहिणाऱ्याचे काम गौरव करणे हे असते. आमदारकीच्या काळातील भाषणे आणि प्रश्न विधिमंडळाच्या छापील कार्यवृत्तांत सापडतात आणि त्यांच्यासाठी विधानभवनातील ग्रंथालयाकडे रीतसर अर्ज करावा. स्वातंत्र्यपूर्व काळातील अटक, खटला किंवा जप्ती यांचे कागद असण्याची शक्यता असेल, तर एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात जावे. जुन्या मराठी नियतकालिकांसाठी दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही मुंबईकरांना सर्वांत सोयीची जागा आहे. मुंबईत राहणाऱ्या सभासदांनी गावासाठी करण्यासारखे खरे काम हेच आहे. वर्गणी कुठूनही पाठवता येते, हे कागद मात्र इथेच आहेत.

या टप्प्यावर तीन-चार ठराविक चुका होतात. १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० या काळात आपला प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात होता. म्हणून १९५७ मध्ये निवडून आलेल्या नेत्याला फलकावर 'महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले' असे लिहिणे चूक आहे; महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ ची. जिल्ह्यांचीही तीच गत आहे. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आले, पालघर तर १ ऑगस्ट २०१४ रोजी. 'साठच्या दशकातील सिंधुदुर्ग जिल्ह्याचे आमदार' असे कोरले, तर शाळेतला एखादा चौकस मुलगाही बोट दाखवील. मतदारसंघाचे नाव आणि माणसाचे गाव यांचीही गल्लत होते. बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे, परंतु ते लोकसभेवर गेले ते राजापूर मतदारसंघातून. जन्मतारखेच्या बाबतीत शाळेच्या दाखल्यावरची तारीख आणि घरात पाळली जाणारी तिथी यांत फरक निघाला, तर वाद घालत बसण्याऐवजी केवळ वर्ष लिहावे. वर्ष कमी बोलते, पण खोटे बोलत नाही.

या सामग्रीतून ऐंशी ते शंभर शब्दांचा मजकूर तयार करावा. त्यात नाव, आयुर्मर्यादा, या न्यायालयाशी असलेला संबंध आणि एक ठोस काम एवढेच असावे. 'गोरगरिबांचे कैवारी, दीनदुबळ्यांचे आधारस्तंभ' ही विशेषणे तालुक्यातील प्रत्येक दिवंगत पुढाऱ्याला लावून झालेली असतात आणि म्हणूनच ती कोणाविषयीही काही सांगत नाहीत. त्याऐवजी कुळकायद्याखालील किती दावे त्यांनी विनाशुल्क चालवले याचा कागद मिळाला, तर तो आकडा लिहावा. मिळाला नाही, तर आकडा न लिहिता काम लिहावे. मसुदा सभेसमोर दोनदा वाचावा आणि दुसऱ्या वाचनानंतर अध्यक्ष, चिटणीस व घरातील एक जबाबदार व्यक्ती यांच्या सह्या घेऊन गोठवावा.

जागा आणि परवानग्या

आता जागेचा प्रश्न. सर्वांच्या मनात पहिल्यांदा येते ती कोर्टासमोरच्या तिठ्यावरची किंवा रस्त्याच्या मधल्या वर्तुळातली जागा, आणि नेमकी तीच मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या तत्सम जागांवर पुतळे किंवा बांधकामे उभारण्यास राज्य सरकारांनी परवानगी द्यायची नाही. अपवाद आहे तो दिवे, वाहतूक यांसारख्या सार्वजनिक सोयींचा. हा आदेश ज्यावरून निघाला तो वाद केरळमधील नेय्याट्टिनकरा या गावातील रस्त्याच्या जोडावर एका दिवंगत स्थानिक नेत्याचा पुतळा उभारण्याचाच होता. म्हणजे आपल्यासारख्याच एका मंडळीच्या उत्साहातून सगळ्या देशाला लागू होणारा नियम जन्माला आला आहे, हे सभेत सांगितले की तिठ्याचा आग्रह आपोआप मावळतो.

दुसरा पर्याय प्रत्यक्ष न्यायालयाच्या आवाराचा. इथे दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्या लागतात. इमारत शासनाची असते आणि तिची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. परंतु संविधानाच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे असते. त्यामुळे तालुक्याच्या न्यायाधीशांनी चहा देऊन 'कल्पना चांगली आहे' असे म्हटले, तरी ती परवानगी नव्हे आणि तसे समजून काम सुरू केल्यास त्यांनाच अडचणीत आणल्यासारखे होते. योग्य मार्ग असा, की आधी तालुका वकील संघाचा ठराव घ्यावा, तो ठराव, गोठवलेला मजकूर, जागेचा नकाशा आणि आकारमानाचे रेखाचित्र जोडून प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या नावे अर्ज करावा आणि तो उच्च न्यायालयाकडे निर्णयासाठी पाठवण्याची विनंती त्यातच करावी. वकील संघाचा ठराव एकमताचा असावा, असा माझा आग्रह राहील. बहुमताच्या जोरावर न्यायालयात काही उभारले, की त्याचे काय होते याची उदाहरणे देशात आहेत: राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर आवारात १९८९ मध्ये बसवलेल्या मनूच्या पुतळ्याचा वाद कित्येक दशके चालू राहिला आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठात डॉ. आंबेडकरांचा पुतळा बसवण्यावरून वकिलांमध्येच दोन तट पडले.

अर्जात नेत्याचा गौरव कोणत्या नात्याने करायचा आहे, हे काळजीपूर्वक लिहावे. त्यांच्या पक्षाचे नाव, चिन्ह, झेंड्याचा रंग यांतले काहीही आराखड्यात येऊ देऊ नये, कारण न्यायालयाच्या पायरीवर पक्षकार येतात, आणि ज्याचा दावा विरुद्ध पक्षातील माणसाशी आहे त्याला आत जाताना मनात शंका आली, तर स्मारकाने त्या जागेचे नुकसानच केले. नेत्याच्या कुटुंबाचा एखादा दावा त्याच न्यायालयात प्रलंबित असेल, तर तो निकाली निघेपर्यंत अर्ज करूच नये. वकील म्हणून, कायदा घडवणारा म्हणून किंवा त्या इमारतीसाठी पाठपुरावा करणारा म्हणून त्यांचा उल्लेख असावा. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रांगणात २६ नोव्हेंबर २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी अनावरण केलेला डॉ. आंबेडकरांचा सात फुटी पुतळा वकिलाच्या पोशाखात आणि हाती संविधान घेतलेला आहे, ही निवड या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे.

आवारात मोकळ्या जागेऐवजी वकिलांच्या खोलीची किंवा ग्रंथालयाची भिंत मागितली, तर परवानगी सोपी होते, असा माझा अनुभव आहे. इमारत वारसा यादीतील असेल, तर तिथे साधा खिळा ठोकण्यापूर्वीही वेगळी मान्यता लागू शकते, याची चौकशी करून ठेवावी. मुंबई उच्च न्यायालयाची १८७८ मध्ये पूर्ण झालेली इमारत तर २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा क्षेत्रात आहे. तालुक्यातील दगडी कौलारू कचेऱ्याही कमी जुन्या नसतात.

आवार मिळाले नाही आणि पुतळ्याचाच निश्चय असेल, तर कोर्टाजवळची नगरपंचायतीची, ग्रामपंचायतीची किंवा खासगी मालकीची, रस्त्यात न येणारी जागा पाहावी. त्यासाठी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाचा २ मे २०१७ चा शासन निर्णय मुळातून वाचावा. जिल्हाधिकारी हे परवानगीचे मुख्य ठिकाण आहे. मालकीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, स्थानिक स्वराज्य संस्थेचा ठराव, कायदा व सुव्यवस्थेच्या दृष्टीने पोलिसांचा अभिप्राय, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, चौथऱ्याचे आराखडे, आणि पुतळ्याची देखभाल व पावित्र्य राखण्याची जबाबदारी संस्था घेईल असे हमीपत्र, या कागदांची तयारी ठेवावी. त्याच व्यक्तीचा पुतळा जवळपास आधीच आहे का, हेही पाहिले जाते. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी, आवक क्रमांक लिहून ठेवावा आणि मुंबईहून फोन करीत बसण्याऐवजी तालुक्यात राहणाऱ्या एका सभासदाला अधिकारपत्र देऊन त्याचा प्रवासखर्च मंडळाने द्यावा. कागद अडतो तो टेबलावर, आणि टेबलापर्यंत पोहोचायला माणूसच लागतो.

पैसे

याविषयी थोडक्यात. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले नसेल, तर वर्गणी सुरू करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ क प्रमाणे परवानगी घ्यावी. गणेशोत्सव मंडळे घेतात तीच ही परवानगी. स्मारकासाठी स्वतंत्र बँक खाते आणि स्वतंत्र पावतीपुस्तक ठेवावे. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी मान्यता मंडळाकडे असेल, तर दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगावे. आखातात नोकरीला असलेल्या, भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या सभासदाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाची मात्र ठरते, आणि ती नोंदणीशिवाय स्वीकारू नये. देणगीदारांची नावे फलकावर देण्याचे आश्वासन कोणालाही देऊ नये. त्यासाठी एक छापील पुस्तिका काढावी.

माती, धातू आणि वारा

पुतळाच करायचा ठरला, तर शिल्पकार निवडताना दरपत्रकापेक्षा त्याने दहा वर्षांपूर्वी केलेला पुतळा जाऊन पाहणे महत्त्वाचे आहे. नवा पुतळा सगळ्यांचाच चांगला दिसतो. शिल्पकाराला नेत्याची समोरून, दोन्ही बाजूंनी आणि चालताना घेतलेली छायाचित्रे द्यावीत, त्यांच्या आयुष्यातील कोणते वय दाखवायचे हे लेखी कळवावे आणि अंगावरचे कपडे त्या वयाचे असावेत हे पाहावे. चष्मा, काठी, छत्री, हातातील कागद अशा बाहेर आलेल्या वस्तू शक्यतो टाळाव्यात किंवा अंगाला जोडूनच ओताव्यात, कारण सुट्या वस्तू चोरीला जातात आणि चष्मा नसलेला पुतळा ओळखूही येत नाही.

काम साधारण असे चालते. लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर मातीचा नमुना घडवला जातो; त्यावरून साचा घेतला जातो; साच्यातून मेणाची प्रतिमा काढून तिच्याभोवती आग सोसणारे आवरण चढवतात; मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत सुमारे अकराशे अंशांपर्यंत तापवलेले कांस्य ओततात. मोठा पुतळा तुकड्यांत ओतून जोडला जातो. सुधारणा करायची ती फक्त मातीच्या टप्प्यावर. त्यानंतर नाक सरळ करणे कोणाच्याही हाती राहत नाही. म्हणून मातीचा नमुना पाहायला तीनच माणसे न्यावीत, त्यातले एक नेत्याला रोज पाहिलेले असावे आणि तिघांनी आपले म्हणणे एकाच कागदावर द्यावे. आम्ही सतरा जण गेलो होतो. प्रत्येकाच्या आठवणीतला चेहरा निराळा निघाला आणि शिल्पकाराने तीन महिन्यांत मिशी चार वेळा बदलली.

धातूचे मिश्रण करारात लिहून घ्यावे. तांबे ८५ टक्के आणि कथील, शिसे व जस्त प्रत्येकी ५ टक्के हे प्रमाण ओतकामात सर्वपरिचित आहे. वजनाचा अंदाज घरबसल्याही करता येतो. धोतर-कोटातील सहा फुटी पुतळ्याचे बाह्य क्षेत्रफळ तीन चौरस मीटरच्या आसपास धरले आणि आतून पोकळ असलेल्या पुतळ्याच्या धातूची जाडी आठ मिलिमीटर धरली, तर धातू ०.०२४ घनमीटर होतो. कांस्याचे वजन घनमीटरला सुमारे ८८०० किलो असल्याने पुतळा दोनशे दहा किलोंच्या आसपास जायला हवा. दरपत्रकात शंभर किलो लिहिले असेल, तर जाडी निम्मी आहे असे समजावे आणि तसे विचारावे. कांस्याचा रंग दिलेला फायबरचा पुतळा स्वस्त पडतो, परंतु उघड्यावर ऊन-पावसात तो काही वर्षांतच रया घालवतो.

उंचीच्या मोहाविषयी इथे सविस्तर लिहिणे भाग आहे. पुतळा सहा फुटांचा नऊ फूट केला, तर उंची दीडपट होते, पण वाऱ्याला तोंड देणारे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि पुतळ्याला बुडातून उलथवू पाहणारा जोर जवळजवळ साडेतीन पटींवर जातो, कारण वारा अधिक क्षेत्रावर आणि अधिक उंचीवर लोटत असतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा सुमारे ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झाल्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच, २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. आपण मान्यता दिली होती ती सहा फुटी मातीच्या नमुन्याला, असे कला संचालनालयाने त्यावेळी स्पष्ट केले होते. सहा फुटांवरून पस्तीस फुटांवर जाताना वर सांगितलेल्या हिशेबाने क्षेत्रफळ चौतीस पट आणि उलथवणारा जोर दोनशे पटींच्या जवळ पोहोचतो. यातून मंडळाने घ्यायची गोष्ट अशी, की मातीच्या नमुन्याची मान्यता ही चेहऱ्याची आणि प्रमाणबद्धतेची मान्यता असते. पाया, आतील सांगाडा आणि जोड यांचा हिशेब स्थापत्य अभियंत्याकडून स्वतंत्रपणे, सहीशिक्क्यासह घ्यावा लागतो. उंची बदलली, तर तो हिशेब आणि मान्यता दोन्ही नव्याने घ्यावीत.

कोकणातील मंडळांनी आणखी एक काळजी घ्यावी. साधे लोखंड आणि कांस्य एकमेकांना टेकलेले असताना खारी ओल मिळाली, की लोखंड नेहमीपेक्षा लवकर गंजते. पुतळ्याच्या आतले हे गंजणे बाहेरून दिसत नाही. त्यामुळे आतील सांगाडा आणि खिळे-नट समुद्राच्या हवेला टिकणाऱ्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत, दोन धातूंमध्ये विलग करणारा थर असावा, खाली साचणारे पाणी निघून जायला भोक असावे आणि आत डोकावता येईल अशी बंद करता येणारी झडप चौथऱ्याच्या मागच्या बाजूला ठेवावी.

हे सगळे वाचून छाती दडपली असेल, तर अर्धपुतळा किंवा भिंतीवरील फलक यांचा पुन्हा एकदा विचार करावा. माझे मत विचाराल तर तालुका न्यायालयासाठी फलकच शोभतो.

कोरीव अक्षर

आमच्या फलकावर 'स्मृती' हा शब्द कोरणाऱ्याने 'स्मृति' असा कोरला आणि त्याखाली निधनाचा महिना चुकवला. दोष त्याचा नव्हता. आम्ही त्याला मजकूर दूरध्वनीवर सांगितला होता आणि नंतर घाईघाईत हाताने लिहून पाठवला होता. दगड बदलावा लागला आणि तो खर्च चिटणीस म्हणून मी सोसला. तेव्हापासून माझा सल्ला असा, की गोठवलेला मजकूर टंकलिखित करून, प्रत्यक्ष आकारात कागदावर छापून, तो कागद जागेवर भिंतीला चिकटवून पाहावा. तीन मीटरवरून साठीतल्या माणसाला चष्म्याने वाचता आले पाहिजे. देवनागरीत वेलांट्या, उकार आणि रफार वरखाली पसरतात, त्यामुळे दोन ओळींतील अंतर आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त ठेवावे लागते. शुद्धलेखन मराठीच्या शिक्षकाकडून तपासून घ्यावे, आणि दगड कोरण्यापूर्वी कोरणाऱ्याने पेन्सिलीने आखलेल्या अक्षरांवर चिटणिसाने जागेवर जाऊन सही करावी. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी रंग भरण्याची पद्धत रूढ असली, तरी रंग उडाल्यावर उथळ अक्षरे दिसेनाशी होतात. अक्षर खोल कोरले, तर रंगाशिवायही सावलीने वाचता येते.

उद्घाटकाचे नाव मुख्य फलकावर घालू नये. बाजूला लहान पट्टी पुरते.

अनावरण आणि पुढची वर्षे

तारीख ठरवताना निवडणुकांचे वेळापत्रक पाहावे, कारण आचारसंहिता लागल्यावर असे कार्यक्रम अडतात. २०१२ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी उत्तर प्रदेशात निवडणूक आयोगाने मायावती आणि हत्ती यांचे पुतळे झाकून ठेवायला लावले होते, हे अनेकांना आठवत असेल. न्यायालयाच्या आवारातील कार्यक्रम सुट्टीच्या दिवशी, ध्वनिक्षेपक हळू ठेवून आणि शक्यतो न्यायाधीशांच्या किंवा तालुक्यातील सर्वांत ज्येष्ठ वकिलांच्या हस्ते करावा. मिरवणूक, ढोल आणि कमानी गावात कराव्यात.

हमीपत्रात जी देखभाल कबूल केली, तिच्यासाठी ठेव म्हणून काही रक्कम बाजूला काढून तिच्या व्याजावर काम चालवावे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पुतळा साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने धुवावा. चिंच, लिंबू किंवा पितळ चकचकीत करणारी पूड वापरू नये, कारण कांस्यावर जमलेला काळपट थर हाच त्याचा बचाव असतो आणि तो घासून काढला की धातू नव्याने झिजू लागतो. त्यावर वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात द्यावा. करारात एक कलम असेही असावे, की रस्ता रुंद झाला किंवा न्यायालय नव्या इमारतीत गेले, तर स्मारक कोणी, कोणाच्या खर्चाने आणि कुठे हलवायचे. मुंबईत सातव्या एडवर्डचा घोड्यावरील काळा पुतळा १९६५ मध्ये फोर्टमधून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. जागेचे नाव मात्र काळा घोडाच राहिले आणि २०१७ मध्ये तिथे स्वाराविना नुसता घोडा उभा करण्यात आला. तालुक्याच्या कोर्टाला अशी दुसरी संधी मिळत नाही, तेव्हा हलवण्याचे कलम आधीच लिहिलेले बरे.

परवानग्या, अभियंत्याचा हिशेब, धातूच्या मिश्रणाचा दाखला, मातीच्या नमुन्याची छायाचित्रे आणि गोठवलेल्या मजकुराची सह्यांची प्रत यांचे तीन संच करावेत. एक वकील संघाकडे, एक गावातील ग्रंथालयात आणि एक मंडळाच्या मुंबईतील खोलीत, जिथे वार्षिक सभेचे इतिवृत्त ठेवले जाते त्याच कपाटात ठेवावा, आणि कपाटाची किल्ली नव्या चिटणिसाला देताना तशी नोंद इतिवृत्तात करावी.